गुलाबभाऊजींचे विनातिकीट सातभाई

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच “बऱ्या आहात ना मावशी” म्हणून पळणाऱ्यांचा मला भारी राग येतो. चहा होईस्तोवर तो मोबाइल पालथा ठेव. शेजारच्या गुलाबभाऊजींची गोष्ट उभ्या-उभ्या सांगण्यातली नाही.

हा माणूस आंघोळीलाही शिट्टी गळ्यात घालून जातो. मला कसं ठाऊक? आतून वाजते ना! एसटीत कंडक्टर होते, वर्धा–सेलू करण्यात जन्म गेला. रिटायर होऊन बोरगाव मेघेला आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले, पण बस काही अंगातून उतरली नाही. नळ आला की एक शिट्टी, गेला की दोन. एकदा तेरवीच्या पंगतीत “पुढं सरका, पुढं सरका!” म्हणून ओरडले. आणि लोक सरकले की गं, पत्रावळीसकट!

लग्न केलं नाही. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला यांनीच शिकवलं. भावाची नोकरी फिरतीची, म्हणून त्याची पिंकीही यांच्याच हाताखाली वाढली. वेण्या इतक्या घट्ट घालायचे की पोरीच्या भुवया कपाळावर जायच्या.

यंदा उन्हाळ्यात त्या पिंकीला नागपुरात जुळं झालं. रोज तिचा फोन, “काका, या ना.” भाऊजींचं एकच, “तुम्ही दोघं आहा ना घरात? दोन सीटचं रिझर्वेशन आहे. तिसऱ्यानं काऊन लटकाव?” फोन ठेवला की मात्र बराच वेळ उगीच शिट्टी पुसत बसायचे.

तशातच त्यांच्या लिंबाच्या झाडात सातभायांनी घरटं केलं. ती मातकट पाखरं गं, सदा भांडण लागल्यासारखी कचकच करणारी. तीन पिल्लं निघाली. भाऊजी हरखले, खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, आणि तिथंच घोळ झाला. घरट्यापाशी दोनाच्या जागी सात पाखरं यायला लागली.

“वहिनी! मायबाप दोन, अन् पाच विनातिकीट! पिल्लं खायले येऊन राह्यले हे!”

“अन् मायबाप कोणते ते कसं ओळखलं वो? सातही सारखेच तं दिसतात.”

“जन्मभर चेहरे पाह्यले म्या!”

कसले चेहरे! सकाळी जे दोन आधी आले त्यांना आत सोडायचं, मग जो येईल त्याच्या अंगावर फुर्रर्र शिट्टी. दोन दिवस हेच. वर ऊन असं की अंगणात पाय टेकवेना. पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. तिसऱ्या दिवशी एका पिल्लानं चोचच उघडली नाही. मला राहवेना. भिंतीपाशी जाऊन ओरडले, “भाऊजी, चश्मा लावा अन् त्या शेपटीतुट्याच्या चोचीत पाहा!”

भाऊजींनी चश्मा लावला. शेपटीतुट्या कठड्यावर बसला होता, चोचीत हिरवा नाकतोडा. शिट्टी वाजली की उडायचा, परत यायचा. पण नाकतोडा काही गिळत नव्हता.

“हा... खाऊ घालाले येऊन राह्यला का वो?”

“नाई तं काय, तुमच्याजवळ तिकीट काढाले?”

मी सातवी शिकलेली बाई, पण पाखरं बघत आले जन्मभर. अंडी एक घालतं, पिल्लांना भरवतात सगळे. मोठी भावंडं, मावश्या, काका. ऊन, मांजर, शिकरा आणि वर तीन चोची, दोघांच्यानं होतंय का? आणि थोरल्या पोरांना तरी आपलं झुडूप मिळेपर्यंत जायचं कुठं? राहतात आईबापापाशी, पाठची वाढवतात.

शिट्टी खिशात गेली आणि सातांची रीघ लागली! तेवढ्यात मांजर आलं. तारेवरच्या एकानं बोंब ठोकली आणि सगळे असे तुटून पडले की मांजर थेट माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या परातीत. पांढरं फटक होऊन निघालं, त्याचं त्यालाच ओळखू येईना! भाऊजी टाळ्या वाजवून हसले. संध्याकाळी तिसऱ्या पिल्लानंही चोच उघडली.

भाऊजी शेपटीतुट्याकडे बघत होते.

“हा बाप नसन ना याइचा?”

“कोणाले माहीत. काका असन.”

खिशातली शिट्टी चाचपली. मग हळूच म्हणाले, “वहिनी, दीड महिन्याचं लेकरू कसं धरते वो? पिंकीले धरत होतो म्या. विसरलो असन तं?”

मी टॉवेलची गुंडाळी करून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी एक तळवा अलगद मानेखाली सरकवला, कोपर थोडं वर घेतलं, आणि आपसूकच झुलायला लागले.

“नाई विसरलो,” म्हणाले. चश्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले. महिना झाला, पिंकी सोडत नाही म्हणे. एका मांडीवर एक, दुसरीवर दुसरा. फोनवर मला ओरडूनच सांगतात, मागं दोन्ही लेकरं रडत असतात आणि हा माणूस खूश!

लिंबाला पाणी आता मी घालते. पिल्लं उडायला लागली. भिंतीपलीकडं भारी शांत वाटतं गं. माझी पोरं तं तुला माहीतच आहेत, दिवाळीशिवाय कुठली येतात. तू येजो माय लवकर. अन् येशील तेव्हा दोन दिवस राहायच्या बेतानंच येजो.