भालू खवलेवरचे सात फिशपॉन्ड

एका जंगलात, बालमित्रहो, एक हायस्कूल होतं. जंगलात हायस्कूल कसं, असले प्रश्न विचारायचे नाहीत. अनुदान मिळालं की शाळा कुठेही उगवते. गप्प ऐका.

या हायस्कुलातला सगळ्यात वाह्यात वर्ग म्हणजे दहावी ब. तिथे मुरारी नावाचं वानर होतं, ते बाईंच्या चालण्याची नक्कल बाईंच्या मागे चालत करायचं. दगडू तरस होता, तो विनोद व्हायच्या आधीच हसायचा. आणि तिसऱ्या बाकावर खिडकीशी भालू खवले बसायचा. हा मुंग्या खाणारा खवलेमांजर. तुम्हाला तो आठवत नाही ना? बरोबर. कुणालाच आठवायचा नाही.

भालूची एक खोड होती. कुणी नुसतं बघितलं तरी तो अंगाची गुंडाळी करायचा. बाईंनी प्रश्न विचारला की गुंडाळी. वाढदिवसाला टाळ्या वाजवल्या की गुंडाळी. आता गुंडाळीशी कोण बोलणार? एकदा तो तापाने आठ दिवस घरी होता. परत आल्यावर शेजारच्या सायाळीने विचारलं, "काल दिलेली वही आणलीस का रे?"

या शाळेत एक रीत होती. गॅदरिंगच्या दिवशी गोडेतेलाचा एक रिकामा डबा ठेवायचे. ज्याला ज्याची खोडी काढायची असेल त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, खाली नाव घालायचं नाही. मग त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या. याला म्हणायचे फिशपॉन्ड. ज्याच्यावर पडला त्याने उभं राहायचं, लाजायचं आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगायचं.

वर्गातल्या मोरावर एकदा पडला होता, 'पिसारा फुलवतोस तास न् तास, गणितात मात्र दरवर्षी नापास.' मोर वर्षभर तोच पाठ म्हणून दाखवायचा. निर्लज्ज कुठला!

भालूवर पाचवीपासून एकही पडला नव्हता. दरवर्षी तो डब्याच्या तळाची शेवटची चिठ्ठी वाचून होईपर्यंत कान टवकारून बसायचा. घरी आई विचारायची, "पडला का रे?" तो म्हणायचा, "या वर्षी चिठ्ठ्याच कमी होत्या गं."

आता दहावी. पुढच्या वर्षी कोण कुठल्या डोंगरावर जाईल, काय नेम! एवढं एक वर्ष हातात होतं. भालूला फार वाटायचं हो, की एकदा, फक्त एकदा, आपल्यावर वर्ग हसावा.

म्हणून त्याने काय केलं? स्वतःवरच चिठ्ठी लिहिली.

पहिली लिहिली उजव्या पंज्याने. 'सगळ्यांच्या डब्याला मुंग्या लागतात, भालू मुंग्यांनाच डबा म्हणतो.' वाचून त्याला स्वतःलाच खुदकन हसू आलं. मग डाव्या पंज्याने दुसरी. 'अंगावर खवले, डोक्यात काय? प्रश्न विचारला की पोटात पाय!' तिसरी चक्क शेपटीने लिहिली. अक्षर थेट मुरारीसारखं आलं. मग काय, गाडी सुटलीच. चांगल्या सहा झाल्या. आजवर त्याच्याबद्दल एवढा विचार कुणी केला नव्हता.

सातवी लिहिताना मात्र विनोद काही सुचेना. जे सुचलं ते लिहून त्याने डब्यात टाकलं.

गॅदरिंगला मुरारी स्टेजवर चढला. पहिली चिठ्ठी काढली, वाचली. वर्ग इकडेतिकडे बघायला लागला.

"भालू खवले कोण?" मोराने विचारलं.

"आपल्याच वर्गात आहे वाटतं," सायाळ म्हणाली.

दुसरी निघाली, भालूवर. चौथी, भालूवर. हसणं राहिलं बाजूला, सगळे माना खाली घालून बसले. मग सातवी निघाली. मुरारीने वाचली, 'भालू, तू आलास काय, न आलास काय, बाक तेवढाच रिकामा.'

दगडू तरससुद्धा हसला नाही. आता बोला!

तेवढ्यात मुख्याध्यापक अस्वले सर ताडकन उठले. आदल्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं होतं, की शाळेत कुणाचाही छळ होता कामा नये. छळ सापडत नसल्यामुळे सर बेचैन होते.

"एकाच मुलावर सात!" सर गरजले. "हा छळ आहे! समिती बसवा!"

समिती लगेच बसली, कारण भजी गरम होती. भजी संपल्यावर निर्णय आला. गुन्हेगार पुढे येत नाही तोवर दहावी 'ब'चा निरोप समारंभ रद्द.

इकडे वर्गाला भालूचा असा काही कळवळा आला की विचारू नका. सायाळीने त्याला पेरू दिला. मोराने "मन घट्ट कर हं" म्हणून पाठीवर पिसं फिरवली. मुरारी तर रडवेला झाला. "माझं अक्षर दिसतंय रे एका चिठ्ठीवर. पण आईशप्पथ, मी नाही लिहिलं!"

भालूने पेरू दप्तरात टाकला. हवी होती टवाळी, आणि पदरात पडली दया. त्यात सगळ्यांचा समारंभ बुडाला आणि मुरारी फुकट अडकला. दोन दिवस तो गुंडाळी करून राहिला. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका सांबरे बाई हजेरी घेत असताना तो उभा राहिला.

"बाई, त्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या."

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

समिती परत बसली. आता पंचाईत झाली. छळ करणारा भालू, छळ झालेलाही भालू. परिपत्रकात याला रकाना नव्हता.

"नियम म्हणजे नियम," अस्वले सर म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या पालकांना बोलवा."

भालूची आई आली. सरांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आई बिचारी आधी या खुर्चीवर बसून म्हणाली, "माझ्या लेकराचं चुकलं." मग त्या खुर्चीवर बसून म्हणाली, "माझ्या लेकराला किती सोसावं लागलं!" दोन्हीकडे तिने डोळे पुसले. दोन्हीकडे तिला चहा मिळाला.

मग सरांनी सगळ्या वर्गासमोर हुकूम वाचून दाखवला. भालूने भालूची लेखी माफी मागावी. भालूने मोठ्या मनाने माफ करून खाली सही करावी. आणि यापुढे छळ करणारा व छळ झालेला यांनी एका बाकावर बसू नये.

"मग मी बसू कुठे, सर?" भालूने विचारलं.

सर विचारात पडले. समितीही विचारात पडली.

आणि मुलांनो, दगडू तरसाला फुटलं! त्याने आधी तोंड दाबून धरलं, मग बाकावर डोकं आपटलं, मग सरळ खाली लोळला. त्याच्यामागे मुरारी, मोर, सायाळ, सगळा वर्ग. सांबरे बाईंनी हजेरीपटाआड तोंड लपवलं, पण कान हलत होते. सगळे भालूकडे बोट दाखवून हसत होते.

भालूने सवयीने गुंडाळी केली. थोड्या वेळाने एक डोळा बाहेर काढून बघितलं. मग दुसरा काढला. मग तोही हसायला लागला, आणि सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. दहावीत पहिल्यांदाच!

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'समिती'. "ए समिती, माफ केलंस का स्वतःला?" असं शिपाईसुद्धा विचारायचा.

निरोप समारंभ झाला, पण सरांच्या हुकमावरून फिशपॉन्ड बंद होते. तेलाचा डबा उलटा करून त्यावर हारांचं तबक ठेवलं होतं. घरी आल्यावर भालूला दप्तरात एक चुरगळलेली चिठ्ठी सापडली. अक्षर मुरारीचं होतं, आणि या वेळी खरंच मुरारीचं होतं.

'समिती, तुझ्यावर फिशपॉन्ड लिहायचं काम आमचं होतं. ते पण तूच केलंस, मेल्या!'

"पडला का रे?" आईने आतून विचारलं.

"पडला," भालू म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

तात्पर्य : मुलांनो, कुणाची टिंगल करू नये. मात्र वर्गातल्या एखाद्याची करायची राहून गेली असेल, तर ती वेळेवर उरकून घ्या. नाहीतर समिती बसते, आणि भजी आपल्याला मिळत नाहीत.