सून हाकलण्याचा सीन

आरोहीच्या आईला काही केल्या सून घराबाहेर काढता येत नव्हती. सून खोटी होती, भांडणही खोटंच होतं. पण कॉलेजचा कॅमेरा खरा होता आणि तो संध्याकाळी परत द्यायचा होता.

व्हिडिओच्या कोर्सला शेवटच्या परीक्षेसाठी लघुपट करायचा होता. तो उद्या दाखवला नाही तर आरोहीचं वर्ष बुडणार होतं. दुष्ट सासू सुनेला हाकलून देते, अशी गोष्ट तिने स्वतःच लिहिली होती. सोलापुरात नट्या शोधत कुठे फिरणार, म्हणून आई वैजयंताबाई सासू झाल्या आणि शेजारची चंद्रिका सून. वडील चिंचोळीला कंपनीत गेले होते, त्यामुळे घरही मोकळं होतं.

पहिल्याच टेकला वैजयंताबाई अशा कडाडल्या की आरोहीचा कॅमेरा हलला. "चल, नीघ माज्या घरातनं. पुन्हा तोंड दावू नगंस." चंद्रिका पिशवी उचलून रडत उंबऱ्याशी आली. तेवढ्यात वैजयंताबाई लगबगीने देवाजवळचा करंडा घेऊन आल्या, तिला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "ये हं पुन्हा."

आरोहीने कपाळावर हात मारला. "आई, तू तिला हाकलायलीस. कुंकू काय लावतीस?"

"मग सवाष्णीला तसंच धाडू व्हय? भांडान भांडनाच्या जागी."

पुढच्या टेकलाही तेच झालं. आरोहीने करंडा लपवला, तर आईने देवापुढच्या ताटलीतलं कुंकू बोटावर घेतलं. चंद्रिकाही काही कमी नव्हती. घरातून हाकलल्यावर ती वाकून सासूच्या पाया पडत होती. दुपार कलली तशी आरोही रडकुंडीला आली. मग मात्र लेकीच्या वर्षासाठी वैजयंताबाईंनी मन घट्ट केलं, डोळे मिटले, चंद्रिकेला ढकललं आणि तिच्या तोंडावर दार लावलं. सीन असा झकास झाला की आरोही आनंदाने उडीच मारणार होती.

पण चंद्रिका परत आलीच नाही. ती तडक आपल्या घरी जाऊन फुगून बसली होती. मला सवाष्णीला कोरड्या कपाळाने घालवलं, आता माझं तोंड त्या पिक्चरमध्ये दिसता कामा नये, असं तिने खिडकीतूनच सांगितलं. आरोहीच्या पायाखालची जमीन सरकली. अख्ख्या लघुपटात चंद्रिकेचंच तर तोंड होतं.

शेवटी वैजयंताबाई ताटलीत शेंगापोळ्या घेऊन समजूत घालायला गेल्या. चंद्रिकेने पोळ्या खाल्ल्या आणि मग अट घातली: गोष्ट बदलायची. सुनेनं सासूला हाकलायचं. आरोहीने उभ्या उभ्याच गोष्ट फिरवली. अडला हरी, दुसरं करणार काय?

कॅमेरा सुरू झाला. चंद्रिकेने वैजयंताबाईंचा दंड धरला, त्यांच्याच घरातून त्यांना बाहेर काढलं आणि धाडकन दार लावून आतून कडी घातली. रीतभात काही तिच्या आड आली नाही. एका टेकमध्ये काम फत्ते झालं. आरोहीने खुशीत "कट" म्हटलं.

चंद्रिका दाराला पाठ लावून उभी होती. तिचे डोळे चमकत होते.

"आमच्या सासूबाईंफुडं इतक्या वर्सात तोंड उघडलं न्हाय मी," ती हळूच म्हणाली. "आज लई बरं वाटलं बग."

आरोहीला हसावं की रडावं कळेना. बाहेरून वैजयंताबाई दार वाजवत होत्या. "झालं न्हवं गं? आता येऊ का आत?"

चंद्रिकेने कडीवरचा हात काढला नाही.

"आरोही," ती म्हणाली, "आनखी एकदा घेऊ की."