सिनेमाची आगाऊ तपासणी

सिनेमा आधी आपण पाहू, मग लुगैनला पाठवायचं की नाही ते ठरवू, असं वगदीच्या मनात आलं, आणि तिथून सगळं बिनसत गेलं.

लुगैन त्याची एकुलती एक लेक, दहा वर्षांची. तिच्या मैत्रिणी शुक्रवारी नव्या नाचाच्या सिनेमाला निघाल्या होत्या. सिनेमा त्यांच्याच, सुएझ कालव्याकाठच्या पोर्ट सैदचा. जहाजांना होड्या भिडवून माल विकणाऱ्या गड्यांचा जुना नाच, आणि तो नाच मी नाचणारच म्हणून हट्टाला पेटलेली एक मुलगी. पण जाहिरातीच्या कोपऱ्यात छापलं होतं : 'बारा वर्षांवरील'.

"म्हणजे आत काहीतरी आहे," वगदी म्हणाला. (तो गोदीत माल तपासणारा कारकून. बंद खोकं दिसलं की आत काहीतरी आहे, असं त्याला घरीदारी वाटायचं. वाढदिवसाच्या भेटीसुद्धा तो आधी कानाशी हलवून बघायचा.)

"आत नाच आहे, बाबा."

"कसला नाच?"

"पायांचा."

"आणि पायांच्या वर काय चालतं?"

लुगैननं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बोलणंच टाकलं. जेवताना "मीठ दे" हा निरोपसुद्धा आईमार्फत येऊ लागला. संध्याकाळी तो कामावरून परतताना गच्चीतून हात हलवणारी पोर आता गच्चीत नसायची. वगदीला ते फार लागलं. पण माघार घ्यायची तर तपासणी झाल्याशिवाय कशी घ्यायची?

बायकोला, नगलाला, खरं सांगावं तर ती हसून हसून शेजाऱ्यांना गोळा करील. म्हणून "दाढ ठणकतेय, दंतवैद्याकडे जाऊन येतो" असं सांगून तो दुपारच्या खेळाला जाऊन बसला. कोपऱ्यातली खुर्ची, कॉलर वर, मान खाली. शेजारी काळोखात कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया कडाकड फोडत होतं.

"अरे बाबा, कोपर आवर जरा."

आवाज ऐकून वगदीची खरोखरच दाढ ठणकली. ती हज करून आलेली हाज्जा इन्शिराह होती. त्याची सासू! वसंताच्या सणाला तिनं घातलेल्या खारवलेल्या माशाचा वास कालव्यापलीकडे जातोय, असं हा बोलून गेला होता. तेव्हापासून दोघांत सलामापलीकडे शब्द नव्हता.

"हाज्जा, तुम्ही इथं?"

"मी एका मयताला गेलेय," हाज्जा शांतपणे म्हणाली. "तू?"

"मी दंतवैद्याकडे."

"बरं. मग तोंड उघडं ठेवून बस."

सिनेमा सुरू झाला. वगदी डोळ्यांत तेल घालून काहीतरी वावगं शोधू लागला. मुलगी नाचली ती बापाची टोपी आणि ढगळ विजार घालून. तिच्यापेक्षा तर गोदीवरचे मिशाळ गडीच जास्त लचकत होते. मग बारा वर्षं कशाला? ते मध्यावर कळलं. मुलीचा बाप वादळात होडी घेऊन गेला आणि परतलाच नाही. ती पोर धक्क्यावर एकटी उभी राहिलेली पाहिली आणि वगदीला आपली रिकामी गच्ची दिसली. तो हमसून हमसून रडू लागला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल जागं झालं.

हाज्जानं आपला रुमाल त्याच्या हातात कोंबला. "रड हो. दंतवैद्याकडे दुखतंच."

शेवटी तंतुवाद्य झणझणलं, मुलगी बापाची टोपी घालून धक्क्यावर नाचू लागली, लोक टाळ्या वाजवत उठले, आणि वगदीचे पाय त्याचं ऐकेनात. तो सरळ मधल्या वाटेवर उतरला, हवेतली वल्ही मारू लागला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, तसा तो आणखी चेकाळला. मग बियांच्या टरफलांवरून पाय सटकला आणि होडी वल्हेकऱ्यासकट बुडाली. विजेरीवाला दारवान धावत आला. त्यानं आणि हाज्जानं मिळून वगदीला टॅक्सीत घातलं.

नगलानं दार उघडलं. "दाढ दाखवायला गेलास आणि पाय मोडून आलास?"

वगदी गारठला. माशाचा सूड उगवायला हाज्जाला याहून चांगली वेळ कुठली? पण हाज्जा म्हणाली, "माझ्यासाठी मोडला गं! मयताला मला सोबत म्हणून आला. जिन्यात मला सावरायला गेला आणि स्वतःच पडला. असा जावई दिवा लावून शोधलास तरी सापडायचा नाही."

एवढं चांगलं वगदीबद्दल त्याच्या आईनंही कधी म्हटलं नव्हतं.

"कोण गेलं?" नगलानं विचारलं.

"उम्म फारूक," हाज्जा म्हणाली.

"अबू सालेह," वगदी म्हणाला, त्याच क्षणी.

"दोघंही? एकाच जिन्यात?"

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. नगला पोट धरून हसत असतानाच आतून लुगैन आली.

"बाबा, तू नाचलास?"

"थोडासा."

"सगळ्यांसमोर? कसा?"

वगदीनं दिवाणावर पडल्यापडल्या हातांनी वल्हवून दाखवलं. ती खुदकन हसली, बर्फ घेऊन आली आणि त्याच्या घोट्याशी बसली. त्या घोट्याचेसुद्धा उपकार मानावेत, असं वगदीला वाटलं.

"सिनेमा चांगला आहे," तो म्हणाला. "एक जागा फार रडवते. तिथं माझा हात धरशील?"

"धरीन. पण तू आवाज करायचा नाहीस."

त्यानं हाज्जाचा हात हातात घेतला आणि डोक्याला लावला. "उपकार कसे फेडू?"

"शुक्रवारी मलाही ने. तुझ्या नाचापायी माझा सिनेमाचा शेवट बुडाला."

शुक्रवारी मैत्रिणी आपापल्या आयांबरोबर आत गेल्या. यांना मात्र त्याच विजेरीवाल्या दारवानानं थांबवलं. "बारा वर्षांच्या आतल्या मुलांना जबाबदार मोठं माणूस सोबत लागतं."

वगदीनं काठी टेकली, छाती काढली. "मी आहे ना! बाप आहे मी तिचा."

दारवानानं त्याचा बांधलेला पाय पाहिला. मग चेहरा पाहिला. मग तो अदबीनं हाज्जाकडे वळला.

"हाज्जा, दोघांनाही सांभाळाल ना?"