कोरं रक्त

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता उसामी कात्सुहिको यांनी शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडली, खुर्चीत ताठ बसले आणि डावा हात परिचारिकेपुढे धरला. तोयामातल्या त्या औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हा एक छोटासा समारंभच असे. नवं काम हाती आलं, की आधी कोरं रक्त लागायचं. कोरं म्हणजे ज्यात ते औषध औषधालासुद्धा नाही असं. त्यात यंत्रानं काही दाखवलं नाही, तरच पुढे औषध घेतलेल्या माणसांच्या रक्तात ते जे दाखवील त्यावर विश्वास ठेवायचा. सहा जणांचं रक्त घेत, आणि गेली बावीस वर्षं पहिली नळी विभागप्रमुख उसामींची असे.

"अठ्ठावन्न वर्षांचा झालो, पण डोकेदुखीची गोळीसुद्धा माहीत नाही," ते दर वेळी सांगत. "माझं रक्त म्हणजे धुतलेली पाटी."

याही वेळी ते हे वाक्य बोलले. फक्त याही वेळी ते खरं होतं असं म्हणता येणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी स्टेशनचा जिना चढताना त्यांच्या छातीत कुणीतरी पत्रा वाजवल्यासारखं झालं होतं. डॉक्टर आराकावांनी तपासून बिसोप्रोलॉलची अडीच मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारी ही गोळी रोज सकाळी एक, न चुकता घ्यायची होती. बायको फुमिएखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि एप्रिलमध्ये प्रयोगशाळेकडे काम आलं ते नेमकं बिसोप्रोलॉलचं. एका कंपनीनं नवी गोळी काढली होती. गोळीत लिहिल्याइतकं औषध आहे का ते मोजायचं आणि ती घेतलेल्या चोवीस जणांच्या रक्तात ते किती उतरतं तेही मोजायचं, असं ते काम.

रक्त द्यायला नकार देता आला असता. पण नकारामागचं कारणही द्यावं लागलं असतं. उसामींनी कागद पुढे ओढून हिशेब केला. हे औषध शरीरात दर दहा-बारा तासांनी निम्मं होतं. सहा दिवस गोळी टाळली, तर यंत्राला सापडण्याजोगं काही उरत नाही. मग मंगळवारपासून ते रोज सकाळी फुमिएच्या देखत गोळी तोंडात टाकल्यासारखं करत, वर पाणी पीत आणि मुठीतली गोळी पँटच्या खिशात सोडत. ही गोळी अशी एकदम बंद करू नये, असं पाकिटावर ठळक छापलेलं होतं. ते वाचून त्यांनी पाकीट पालथं ठेवलं.

सोमवारी दुपारी दोन वाजता कानामोरी चिहारु त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांची ही मुलगी वर्षाच्या करारावर होती. सकाळी ती शेजारच्या खोलीत कंपनीच्या गोळ्या कुटून त्यातलं औषध मोजत होती, दुपारी रक्ताच्या यंत्रावर बसली होती.

"सर, पाच नळ्या साफ आहेत. पहिलीत सुळका आलाय."

"कसला?"

"बिसोप्रोलॉलचा. चांगला उंच आहे. आज सकाळी गोळी घेतलेल्या माणसाचा येईल तेवढा."

उसामी उठून पडद्यापाशी गेले. सपाट रेघेतून एक टोकदार डोंगर निघाला होता. त्यांच्या तोंडाला कोरड पडली. नवल म्हणजे छातीत मात्र ठोके शांतपणे चालू होते.

"सर, रागावू नका, पण तुम्ही चुकून एखादी गोळी..."

"मी?"

 व्यवस्थापक सुगितानी नेमके तेव्हाच आत आले होते. "कानामोरीसान," ते म्हणाले, "उसामीसानच्या रक्तावर शंका घेण्याआधी यंत्र धुऊन बघावं माणसानं."

यंत्र धुतलं. सुळका आला. आतली महागडी नळी काढून नवी बसवली. सुळका आला. द्रावणाच्या सगळ्या बाटल्या ओतून ताजी द्रावणं केली. सुळका आला, आणि तोही पहिल्या जागी, पहिल्या उंचीचा. तीनदा मोजून केसाचाही फरक पडत नाही इतकं नेमकं मोजमाप उसामींनी तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं होतं. एरवी त्यांनी कानामोरीला चहा पाजला असता.

मंगळवारी सकाळी सुगितानींनी निकाल दिला. कानामोरी गोळ्या कुटून थेट रक्ताकडे आली, तिच्या बाहीवरची भुकटी नळीत पडली. गोळ्यांच्या खोलीला कुलूप लागलं. कानामोरीनं माफीपत्र लिहून द्यायचं, त्यावर उसामींनी सही करायची, आणि मे महिन्यात तिच्या कराराचं बघू, असं ठरलं. उसामी मान खाली घालून ऐकत राहिले. रक्त पुन्हा मागतील या धाकानं ते अजूनही रोजची गोळी खिशातच सोडत होते. आपण सहा दिवस गोळी घेतलेली नाही, मग आपल्या रक्तात ती येणार कुठून, बाहीवरूनच आली असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अर्धंअधिक पटलंही. उरलेल्या अर्ध्यानं त्यांना बसू दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच्या लघवीची एक नळी घेऊन आले, तिच्यावर 'नळाचं पाणी' अशी चिठ्ठी डकवली आणि यंत्रात ठेवली.

पण जेवण आटोपून पडद्यापाशी आधी पोचली ती कानामोरी.

"सर!" ती धावत आली. "नळाच्या पाण्यात बिसोप्रोलॉल आहे! रक्तापेक्षा कितीतरी जास्त!"

तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा असा आनंद होता, की उसामींना बोलायला शब्द सापडेना. ते शब्द शोधत होते तोवर ती सुगितानींच्या खोलीत पोचलीही होती. तासाभरात इमारतीचे सगळे नळ बंद झाले. गच्चीवरची टाकी उपसायला माणसं आली. चाळीस माणसांना चहा मिळेना, हात धुवायला बाटल्या आल्या, आणि तळमजल्यावरच्या हिशेबनीसबाई आपलं हृदय आधीच मंद झाल्यासारखं वाटतंय म्हणून घरी गेल्या. टाकीचं पाणी तपासलं तेव्हा ते अर्थातच निर्मळ निघालं.

"मग ती नळी कुणी भरली?" सुगितानींनी विचारलं.

"मी," उसामी म्हणाले.

"तुम्ही? मग प्रश्नच मिटला. कानामोरीसाननं तीही हाताळली असणार."

कानामोरीनं नळीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. ती उसामींकडे बघत राहिली.

उसामींना आता वेगळीच भीती लागली होती. सहा दिवस गोळी न घेता अंगात एवढं औषध राहतं, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली. बुधवारी दुपारी रजा टाकून त्यांनी आराकावांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, रक्त तपासून घेतलं आणि अर्ध्या तासानं हसत बाहेर आले.

"वा, उसामीसान! नाडी बासष्ट. घड्याळ लावून घ्यावं अशी. वेळच्या वेळी गोळी घेताय, सांगायलाच नको. माझ्याकडचे निम्मे लोक तोंडावर खोटं बोलतात हो! घेतो म्हणतात आणि घेत नाहीत. तुमच्यासारखे दहा जण मिळाले तर मी निर्धास्त झोपेन."

"मूत्रपिंडं?" उसामींनी खालच्या आवाजात विचारलं.

"तरण्या माणसासारखी. का हो?"

"सहज."

ट्राममध्ये बसून उसामींनी सरळ विचार केला. मूत्रपिंडं चांगली आहेत, म्हणजे औषध रोज बाहेर जातंय. रोज बाहेर जाऊनही उरतंय, म्हणजे रोज आत येतंय. ऑफिसात ते घरच्या डब्याखेरीज काही खात नसत. मग येतंय ते घरून. शेजारच्या शाळकरी मुलीनं उठून त्यांना जागा देऊ केली, तेव्हा आपण बसलेलेच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. चेहराच तसा झाला असणार.

गुरुवारी सकाळी ते न्याहारीला बसले आणि बायकोचे हात पाहू लागले. भात तिनं नेहमीसारखा वाढला. खारवलेला मासा ठेवला. मिसो सूपची वाटी मात्र ती आतून दोन्ही हातांनी धरून घेऊन आली, चॉपस्टिक्सनं तळापासून ढवळली आणि समोर बसून राहिली.

"आज सूप थर्मासमध्ये नेतो," उसामी म्हणाले. "उशीर झालाय."

"सूप कुणी ऑफिसात नेतं का? इथंच प्या."

"तिथं पाणी बंद आहे. चहासुद्धा मिळत नाही."

"अहो, चार घोटांना किती वेळ लागतो? तळाची सागरी पानं खाल्ली नाहीत तरी चालेल, पाणी तेवढं प्या."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, फुमिए कपडे धुणाऱ्याकडून आलेला गठ्ठा घ्यायला गेली, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात उसामींनी पहिल्यांदाच बायकोच्या हातचं अन्न चोरलं.

गोळ्यांच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. सूप गाळलं, मोजलं, पातळ केलं, यंत्रात ठेवलं. या वेळी नळीवर त्यांनी 'सूप' असंच लिहिलं. खोटी चिठ्ठी लावायचं बळ उरलं नव्हतं. दहा मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं. वाटीभर सूपमध्ये दोन पूर्णांक चार मिलिग्रॅम बिसोप्रोलॉल. ते आकड्याकडे बघत असताना कानामोरी दारात आली. तिच्या हातात माफीपत्र होतं.

उसामींनी ते वाचलं. माझ्या निष्काळजी बाहीमुळे, अशी सुरुवात होती.

"हे तुम्हाला पटतं?"

"नाही सर. सुगितानीसान म्हणाले, पटलं नाही तरी अक्षर चांगलं काढा."

अक्षर खरोखर सुंदर होतं. उसामींनी खिशातलं पेन काढलं, मग परत ठेवलं. "सगळ्यांना बोलावता का?" ते म्हणाले. "सुगितानीसाननाही."

माणसं जमली. उसामींनी उभं राहून सगळं सांगितलं. जिना, गोळी, खिसा, नळाचं पाणी, सूप, काही सोडलं नाही. मग ते कानामोरीकडे वळले आणि कमरेत वाकले. किती वेळ वाकलेले होते हे त्यांना कळलं नाही.

"सर, मी विचारलं होतं तुम्हाला," कानामोरी म्हणाली.

"विचारलं होतंत."

"मला तेव्हाच कळलं होतं. पाच साफ आणि एकच भरलेली. बाहीवरची भुकटी माणसं निवडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मे महिन्यात करार आहे ना माझा."

 सुगितानींनी घसा साफ केला. "म्हणजे ते नळाचं पाणी..."

"पाणी नव्हतं ते."

"मी टाकी उपसली, उसामीसान!" ते कळवळून म्हणाले. मग पद आठवून त्यांनी आवाज चढवला. "झालं ते झालं. उद्या पुन्हा कोरं रक्त घ्यायचंय. बाकी पाच जणांपैकी कुणी काही घेत असेल, तर आत्ताच सांगा. लाज बाळगू नका."

थोड्या वेळानं मागून एक हात वर आला. झोपेची गोळी. मग दुसरा. पित्ताची, सात वर्षं. मग सगळ्यांना वाटलं आता संपलं, तर सुगितानींनी स्वतःचाच हात हळूहळू खांद्यापर्यंत नेला.

"केसांसाठी घेतो," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्या डोक्याकडे न बघण्याची शर्थ केली.

कानामोरीचा करार उसामींनी त्याच दुपारी सही घेऊन आणला. त्यासाठी त्यांना सुगितानींच्या टेबलापाशी पाऊण तास उभं राहावं लागलं. माफीपत्रही लिहून झालं होतं. ते त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं. अक्षर तिच्याइतकं चांगलं आलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ते कोट न काढताच स्वयंपाकघरात जाऊन बसले. फुमिए मुळा किसत होती.

"सूपमध्ये गोळी होती," ते म्हणाले.

"होती." तिचा हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यातल्या बुधवारपासून. मंगळवारची तुमच्या पँटच्या खिशात सापडली. धुवायला काढली होती."

"आणि दोन्ही पोटात गेल्या असत्या तर? मी खाल्ली असती आणि तूही घातली असतीस तर?"

"रोज रात्री खिसा बघत होते. सकाळी पाणी पिताना मूठ बघत होते. मूठ झाकलेली दिसली, की आत जाऊन कुटायची."

उसामींना हे शास्त्रशुद्ध वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. "सरळ विचारायचं होतंस मला!"

आता तिनं किसणी खाली ठेवली. "विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी कारण सांगितलं असतं. आणि ते मला पटलं असतं, अहो. तुमचं सगळं मला पटतंच. मग गोळी राहिली असती आणि मी हातात तुमचं कारण घेऊन बसले असते."

बाहेर ट्राम गेली. कपाटातल्या वाट्या किंचित वाजल्या. उसामींनी कोट काढून मांडीवर घेतला. माफी मागायची दिवसातली दुसरी वेळ होती, पण इथं उभं राहून वाकता येत नव्हतं, मधे मुळा होता.

"मी मोजलं ते," ते हळूच म्हणाले. "आजचं सूप."

"किती निघालं?"

"दोन पूर्णांक चार."

फुमिएनं त्यांच्याकडे पाहिलं. "गोळी अडीचची आहे."

"हो."

"मग एवढं कमी का?"

"तसं फार नाही. अगदी थोडं..."

"रोज थोडं म्हणजे नऊ दिवसांचं किती झालं?" तिनं उठून फळीवरचा तिळाचा खल खाली काढला, खिडकीकडे धरून आत निरखलं, खाचांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा गंभीर झाला. "याच्या खाचांत राहत असणार. आणि मी नुसता पुसून ठेवते." तिनं खल त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्ही एवढे शिकलेले. ऑफिसात असं भांड्याला चिकटलेलं कसं काढता?"

उसामींनी चष्मा लावला आणि खल जवळ ओढला. "थोड्या कोमट पाण्यानं तीनदा विसळायचं," ते म्हणाले, "आणि ते पाणीसुद्धा सूपमध्येच ओतायचं."