मूळ स्थितीतील मोटार आणि तिचे मानकरी

कोणतीही जुनी वस्तू मूळ स्थितीत आणायची झाल्यास, ती मूळ स्थितीत कोणी पाहिली होती हे आधी निश्चित करावे लागते. लातुरात ही अडचण येत नाही. इथे प्रत्येक वस्तू प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि ज्याचा जन्म नंतरचा आहे त्याला तर ती जास्तच स्वच्छ आठवते.

डाळीचे व्यापारी गुरुपादप्पा यांच्या मिलच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळची उघड्या टपाची मोटार होती. कापडी टप मागे पाडला की गाडी उघडी, वर ओढला की बंद. (अलीकडे तिच्यावर तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, रचलेली असल्याने ती दोन्ही नव्हती.) याच मोटारीतून नागम्मा नवी नवरी म्हणून मुरुडहून लातूरला आल्या, पण टप लावून. सून उघड्यावरून यावी हे सासूबाईंना पसंत नव्हते. "एकदा टप पाडून मला माहेरी न्या," एवढेच नागम्मा तेव्हा म्हणाल्या. "नेतो की," गुरुपादप्पा म्हणाले. मग धंदा वाढला, पोरीचे लग्न झाले, नागम्मांचे गुडघे गेले. परवा डॉक्टरांनी ऑपरेशनचे नाव काढले तेव्हा गुरुपादप्पांना आपला शब्द आठवला आणि मनापासून लाज वाटली. त्यांनी जाहीर केले की मोटार अगदी मूळ स्थितीत आणायची, आणि बसवजयंतीला नागम्मांना तिच्यातून मुरुडला न्यायचे.

"रंग कोणता देऊ?" त्यांनी विचारले.

"मला रंगाचं काय करायचंय? वारं लागलं म्हंजे झालं," नागम्मा म्हणाल्या.

इथवर काहीही चुकले नव्हते. पुढे गुरुपादप्पांनी रंग पार उडालेल्या गाडीचा फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला.

थोरल्या भगिनी नीलम्माक्कांनी कळवले की गाडी दुधाळ रंगाची होती. उदगीरचे व्याही आप्पासाहेब यांना ती गर्द लाल आठवत होती. (आप्पासाहेबांशी सोयरीक जुळली तेव्हा गाडी कट्ट्यांखाली होती.) पुतण्या रामलिंग मेंदी रंगावर ठाम राहिला. पुरावा म्हणून तिघांनीही एकच जुना फोटो पाठवला आणि तो कृष्णधवल होता. अशा फोटोवरून प्रत्येकाला आपापला रंग सिद्ध करता येतो, हा त्या तंत्राचा फायदा अलीकडच्या रंगीत फोटोंत राहिलेला नाही.

दोघे रुसले. तिसऱ्याने ग्रुप सोडला. घरातल्या कार्यात माणसे रुसली की काय करायचे हे आपल्याकडे ठरलेले आहे. फेट्याचा मान एकाला, कानपिळीचा दुसऱ्याला, असे वाटप करून लग्न तडीस न्यायचे. गुरुपादप्पांनी तोच उपाय मोटारीला लावला. उजव्या बाजूच्या रंगाचा मान अक्कांना, डाव्या बाजूचा व्याह्यांना, बॉनेटचा रामलिंगला. प्रत्येक मानकऱ्याचे नाव त्याच्या भागावर सुबक अक्षरांत रंगवायचे. ही बातमी फुटताच ज्यांनी गाडी कधीच पाहिली नव्हती अशा नातेवाईकांनाही ती आठवू लागली. एका पाहणीनुसार गाडीच्या निम्म्या भागांना एकेक मानकरी मिळाला आणि उरलेल्या निम्म्यांना दोन-दोन.

टपाचा मान अर्थातच जावई सोमेश यांचा.

"मामा, उघड्या गाडीत सेफ्टी न्हाई. वरून पक्का पत्रा ठोका," सोमेश म्हणाले.

"जावईबापू, पण टप पडतोय म्हणून तर ही गाडी..."

"तुमची मर्जी. मी आपला बोललो."

रात्री मंजुश्रीचा, म्हणजे लेकीचा, फोन आला. तिने फक्त नाक ओढले. जावयाला नाही म्हणण्याची सोय आपल्या समाजात अद्याप उपलब्ध नाही, त्यामुळे सकाळी पत्रा आला.

"वरून पत्रा आला तर वारं कुठून लागंल?" नागम्मांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याची तातडीने दखल घेऊन गाडीत पंखा बसवण्यात आला. (पंख्याचा मान मुरुडकरांना, कारण वाऱ्याची मागणी त्यांच्याच लेकीची.)

काम नांदेडच्या हरिओम मिस्त्रीकडे होते. कोणतीही सूचना आली की "बसतंय की," असे तो म्हणे, आणि बसले नाही की गाडी कापत असे. मात्र एक दिवस त्यालाही शंका आली.

"मालक, इंजिनाचं काय करायचं? काढून ठेवलंय ते तसंच पडून राहिलंय."

गुरुपादप्पांनी ग्रुपवर विचारले. इंजिनाचा मान कोणीही मागितला नाही. ते बॉनेटखाली असते, त्यावरचे नाव कोणाला दिसणार? शेवटी रामलिंगने त्या रिकाम्या जागेत मोठा स्पीकर बसवला आणि त्यावर इंजिनाचा आवाज लावला. आवाज अगदी मूळचा होता, असे सर्वांचे मत पडले. ब्रेकला मानकरी मिळाला नव्हता, पण आता त्याची निकडही उरली नव्हती.

बसवजयंतीला मिलपुढे मांडव पडला. गाडी ओढायला शेजारच्या शेषेरावचा ट्रॅक्टर दोराने जोडला. स्टेअरिंगवर सोमेश, शेजारी विहीणबाई, मागे अक्का आणि मंडळी मांडीला मांडी लावून बसली. नागम्मा ठेवणीतली इरकल नेसून आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"आवं, मी कुठं बसू?"

गुरुपादप्पांनी आत डोकावून पाहिले. जागा नव्हती, आणि मान मिळालेल्या माणसाला उठवता येत नाही.

"जरा थांब. सत्कार तेवढे होऊ दे," ते म्हणाले.

नागम्मांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्या पाय ओढत ट्रॅक्टरकडे गेल्या.

"शेषेराव, मुरुडचा रस्ता ठावं हाय न्हवं?"

"हाव की, काकू."

"मग ते मागलं सोड, अन् चल."

शेषेरावने दोर सोडला, त्यांना हात देऊन मडगार्डवर बसवले आणि ट्रॅक्टर बार्शी रोडला लागला. वाऱ्याने नागम्मांचा पदर उडाला तो त्यांनी सावरला नाही. धावत जाऊन दुसऱ्या मडगार्डवर बसावे असे गुरुपादप्पांना फार वाटले, आणि ते बसलेही असते. पण आभारप्रदर्शन त्यांच्याकडे होते.

गाडी तिथेच आहे. पाहायला रोज माणसे येतात, पत्रा नको होता म्हणतात, रंग एकच हवा होता म्हणतात. नागम्मा मुरुडहून परत आल्या का, हे कोणी विचारत नाही. वाचता वाचता आपणही मनातल्या मनात एखादा रंग ठरवला असेलच. संकोच करू नये, नाव आणि नाते कळवावे. डिकीचा मान अजून कोणाला दिलेला नाही.