जुना प्रिंटर मोकळा करण्याची सुरक्षित पद्धत

ज्या वस्तूची कुणालाच गरज नसते, ती सरकारी कचेरीत सदैव वापरात असते. सत्त्याऐंशी साली नागपुरात सीताबर्डीवरच्या एका कचेरीत हा सिद्धांत कॉम्प्युटरलाही लागू झाला आणि बिचारे ऑपरेटर चंपतराव त्यात सापडले.

नवा प्रिंटर आला होता. तो जोडायचा तर जुन्याचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनच्या पोटात बसून प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम, आधी उतरवायला हवा. पण कुणी प्रिंटर आपल्या नावावर धरलेला असताना तो उतरवला, की अख्खं मशीन आडवं! साहेबांनी प्रेमानं सांगून ठेवलं होतं, "मशीन पडली, तर तुमची बदली तिकडं कोपऱ्यातल्या कुहीले." चंपतरावांची झोपच उडाली.

कचेरीची शिस्त मात्र वाखाणण्याजोगी. बसच्या सीटवर रुमाल टाकावा, तसा प्रत्येक जण सकाळी मशीनला जोडलेल्या आपल्या टर्मिनलवरून प्रिंटर धरून ठेवी आणि चहाला जाई. (धरणारे: शंभर टक्के. छापणारे: माहिती मागवली आहे.)

चंपतराव टेबलोटेबली हात जोडत फिरले.

"सुमतीबाई, प्रिंटर सोडा ना."

"काहून? मले लागला तर?"

"केव्हा लागन?"

"ते काय सांगून येते का!"

ताराचंद म्हणाले, "पहिले बाईले सोडू द्या." बाई म्हणाल्या, पहिले ताराचंद. शेवटी चंपतरावांनी सगळ्यांना तर्री-पोहे कबूल केले, तेव्हा कुठे एकेकाला पाझर फुटला.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'प्रिंटर मोकळा'. चंपतरावांना भरून आलं. देवाचं नाव घेऊन ते ड्रायव्हर उतरवायचा हुकूम टाइप करू लागले. जुन्यांना सोडायला लावण्याआधी नव्यांना धरायला बंदी करावी लागते, एवढंच ते विसरले. आनंदराव तेवढ्यात रजेवरून हजर झाले. आयुष्यात त्यांनी एक कागद छापला नव्हता. पण 'मोकळा' दिसताच त्यांनी प्रिंटर धरला. त्याच क्षणी इकडे चंपतरावांचं शेवटचं बटण दाबलं गेलं आणि मशीन धाडकन झोपलं.

"आनंदराव, काहून धरला गा?" चंपतराव रडकुंडीला आले.

"मोकळा दिसला न भाऊ!"

चौकशी झाली. आनंदरावांच्या तत्परतेची नोंद घेण्यात आली, चंपतरावांना कुहीला पाठवण्यात आलं.

वाचकहो, तुम्हाला त्यांचं वाईट वाटलं असेल. माणुसकी आहे तुमच्यात. पण खरं सांगा, त्यांचं सरकारी क्वार्टर रिकामं झालं का, हे मनात आलंच ना? आता पत्ता विचारू नका, तुमच्या आधीचे वाचक आपलं कुलूप लावून गेले.