मागची डावी बाजू

"कडक टाकू की मऊ?" मेस्त्रीने गाडीखालून विचारलं. त्याचे फक्त पाय दिसत होते, त्यामुळे प्रश्न बुटांनीच विचारल्यासारखा वाटला.

डॉक्टर गाडीला टेकून उभे होते. जुनी गाडी घेऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते आणि तिचे शॉकअप आणि स्प्रिंगा पार कामातून गेल्या होत्या.

"फरक काय पडतो?"

"कडक टाकलं तर गाडी रस्ता सोडत नाही, वळणावर झुकत नाही. पण रस्त्यात काडी पडलेली असली तरी कमरेला कळतं. मऊ टाकलं तर पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. पण मग पाळण्यासारखी डोलतेही."

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. दिवसभर लोकांना झोपवणाऱ्या माणसाला निदान येता-जाता तरी आपण जागे आहोत असं वाटावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

"कडक," ते म्हणाले.

आता डॉक्टरांची बायको घरी केक करायची आणि ते याच गाडीतून पोचवायची. दुसऱ्याच दिवशी तिला एका लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तीन मजली केक न्यायचा होता. वाटेत एकच स्पीडब्रेकर लागला. हॉलमध्ये झाकण उघडलं तेव्हा वरचा मजला तळमजल्यावर आला होता आणि साखरेचं जोडपं गळ्यापर्यंत क्रीममध्ये बुडालं होतं. "बरोबरच आहे की!" असं म्हणून यजमान मोठ्याने हसले. त्यांची बायको हसली नाही.

"तुला रस्ता जाणवावा म्हणून माझा केक पडायला हवा का?" बायकोने घरी येऊन विचारलं.

"स्पीडब्रेकरवर जरा हळू..."

"याहून हळू मी चालतच गेले असते! ते मऊ टाकून आण. उद्याच्या उद्या."

सासूबाईंनीही लेकीची बाजू घेतली. गुडघ्याच्या व्यायामासाठी त्या रोज जावयाबरोबर हॉस्पिटलात जात, आणि कडक गाडीने त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कमरेपर्यंत चढवलं होतं.

मऊ सस्पेन्शन बसलं आणि घरात शांतता झाली. केक उभेच्या उभे पोचू लागले. खड्डा आला की गाडी खोल श्वास घेतल्यासारखी खाली जायची आणि सावकाश वर यायची. कुणी आत बसलं की तेवढीच दबायची, उतरलं की उचलायची. डॉक्टरांना मनातल्या मनात ते आवडू लागलं होतं.

मग एके दिवशी सकाळी ते सासूबाईंना घेऊन निघाले. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कोपऱ्यावर सिग्नल लागला. गाडी उभी होती. सासूबाई पुढे बसून पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. मागे कुणीच नव्हतं. आणि मागची डावी बाजू हळूच, एखाद्या सभ्य माणसाने बसावं तशी, दबली.

आरशातला रस्ता किंचित तिरका झाला. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

"आई, तुम्ही हललात का?"

"मी कशाला हलू? कोण बसलं मागे?"

"कुणीच नाही."

"मग गाडी का दबली?"

सिग्नल सुटला. पुढचा सगळा रस्ता गाडी डावीकडे जराशी कललेली राहिली. हॉस्पिटलच्या फाटकापाशी ते क्षणभर थांबले, तशी ती मागून अलगद उचलली गेली आणि सरळ झाली. दार उघडल्याचा आवाज झाला नाही.

संध्याकाळी परतताना तेच, उलट क्रमाने. फाटकापाशी दबली, फोटो स्टुडिओपाशी उचलली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"तुझा कुणी पेशंट नाही ना?" बायकोने रात्रीच्या जेवणाला हळू आवाजात विचारलं. "भूल दिलीस आणि मग... उतरलीच नाही, असा?"

"माझे सगळे उठलेत!" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की ताटातला चमचा खाली पडला. तिघांनीही एकदम चमच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ तो कुणी उचलला नाही.

डॉक्टरांनी गाडी मेस्त्रीकडे नेली. भुताबिताचं काही बोलले नाहीत. "डावीकडून दबते, स्प्रिंग बघ," एवढंच म्हणाले. मेस्त्रीने सगळं तपासलं, हसत हसत फोटो स्टुडिओच्या कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येतो म्हणाला आणि निघाला. परत आला तेव्हा तो चालवत नव्हता. गाडी ढकलत आणत होता.

"बंद पडली?"

"नाही. चालू आहे. पण मी आत बसणार नाही." त्याने कपाळ पुसलं. "साहेब, स्प्रिंग एकदम ठीक आहे. तुम्ही कडक टाका."

"कडक टाकल्यावर जाईल?"

"जाईल कुठे? फक्त तुम्हाला कळणार नाही. मऊ गाडीत सगळं कळतं बघा."

हा सल्ला डॉक्टरांना वैद्यकीयदृष्ट्या पटला. वेदना जात नाही, ती कळेनाशी होते, यावर तर त्यांचा संसार चालला होता. त्यांनी कडक सस्पेन्शन परत बसवून घेतलं.

आणि मेस्त्री म्हणाला तसंच झालं. गाडी कोपऱ्यावर दबली नाही, फाटकापाशी उचलली नाही. लाकडी फळीसारखी ताठ राहिली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी शीळसुद्धा घातली. पण दुसऱ्या दिवशी कोपरा ओलांडल्यावर सासूबाईंनी पदराने तोंड झाकून विचारलं, "बसला का?"

"कोण जाणे."

"म्हणजे बसलाही असेल."

"असेलही."

"माझ्याच मागे असेल."

आधी निदान तो कुठून कुठवर आहे हे ठाऊक असायचं. कोपऱ्याच्या अलीकडे आणि फाटकाच्या पलीकडे गाडी घरच्यांची होती. आता तो सकाळ-संध्याकाळ कुठेही असू शकत होता. बायको केक घेऊन निघाली की आरसा छताकडे वळवायची. सासूबाई मानेवर थंड वाटतं म्हणून भर उन्हात मफलर गुंडाळू लागल्या. आणि डॉक्टरांना वेगळीच काळजी लागली. कोपऱ्यावर सिग्नल हिरवा असला तरी त्यांना गाडी पुढे नेववेना.

"अहो डॉक्टर, चला ना! मागचे शिव्या देताहेत."

"आई, तो चढत असेल तर? एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि मी गाडी सोडली तर?"

सासूबाईंना हे भयंकर पटलं. मग रोज हिरव्या सिग्नलला ती गाडी उभी राहू लागली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ होऊ लागला. एकदा वाहतूक पोलिसाने खिडकीवर टकटक केली.

"कुणाची वाट बघताय?"

"ते आम्हालाही नक्की माहीत नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. पोलिसाने आत डोकावून मफलर गुंडाळलेल्या बाईंकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पावती न फाडताच तो मागे सरकला.

त्याच आठवड्यात आणखी एक केक कोसळला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला.

"मऊ टाका. आला-गेला कळलेला बरा. आणि त्यालाही हाडं असतील तर या गाडीत त्याची काय दशा होत असेल?"

मेस्त्रीने तिसऱ्यांदा गाडी उचलली, मऊ सस्पेन्शन बसवलं आणि किल्ली लांबूनच डॉक्टरांकडे फेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर सिग्नल नेमका लाल होता. दोघंही श्वास रोखून बसले. काहीच झालं नाही. सिग्नल सुटत आला. आणि मग मागची डावी बाजू दबली, नेहमीपेक्षा थोडी घाईने, धापा टाकत आल्यासारखी. डॉक्टरांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की काचेवर वाफ धरली. सासूबाईंनी मफलर सोडून पर्समध्ये ठेवला. हॉस्पिटलच्या फाटकापाशी तो उतरला तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "रोज कुणाला भेटायला जातो कोण जाणे."

डॉक्टरांनी यावर काही विचार करायचा नाही असं ठरवलं आणि दिवसभर लोकांना झोपवलं.

संध्याकाळी गाडी फाटकापाशी थांबली. आकाशात अजून उजेड होता, समोर रिक्षा होत्या, फुगेवाला होता, सगळं रोजच्यासारखं. मागची डावी बाजू दबली. डॉक्टरांनी गिअर टाकला.

तेवढ्यात गाडी पुन्हा दबली. उजवीकडे. अगदी थोडी, एखादी पिशवी ठेवावी इतकी.

डॉक्टरांचा पाय क्लचवरच राहिला. आरशात दोन रिकाम्या सीटा दिसत होत्या. सासूबाई समोर बघत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे डोळे हळूहळू भरून आले.

"मिळाला वाटतं एकदाचा डिस्चार्ज," त्या म्हणाल्या.

डॉक्टर गाडी चालवू लागले. इतकी हळू त्यांनी आयुष्यात कधी चालवली नव्हती. पुढच्या सिग्नलला ती उभी राहिली आणि उजवी बाजू खालीवर होऊ लागली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. मऊ स्प्रिंगांवर सगळी गाडी झुलायला लागली. शेजारच्या स्कूटरवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग आत निश्चल बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि स्कूटर जरा लांब नेली.

"ए," सासूबाई वळून न बघता म्हणाल्या, "गप बस बरं एका जागी. पडशील."

गाडी एकदम स्थिर झाली.

डॉक्टरांनी घाम पुसला. सिग्नल सुटायला थोडा वेळ होता. सासूबाई चष्मा पुसत होत्या.

मग उजवी बाजू, अगदी हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, आणखी एकदा खालीवर झाली.